आज कनेक्शन तुटलं नाही

इंटरनेट सपोर्टच्या टेबलावर मी नऊ वर्षं बसले. "कनेक्शन तुटलं" ही तक्रार त्या काळात किती वेळा ऐकली याची मोजदाद नाही, आणि 'मोजदाद नाही' असं मी सहसा कशाच्याच बाबतीत म्हणत नाही. "कनेक्शन तुटलं नाही" ही तक्रार मात्र एकदाच आली. ती ऐकून मी आधी हसले आणि मग दोन्ही हातांत फोन घेतले. तीच सांगायला बसले आहे.

आधी धंद्याविषयी चार शब्द. हल्ली उलव्यातल्या एका मोठ्या संकुलाचं नेटवर्क मी सांभाळते. तिथली कॉलेजची पोरं विचारतात, "मॅडम, डायल-अप म्हणजे काय डायल करायचं?" अरे, खरंच करायचं! घरातली लँडलाइन मोडेम नावाच्या डबीला जोडायची. डबी आमच्या बेलापूरच्या ऑफिसचा नंबर फिरवायची, आमच्याकडची डबी फोन उचलायची, आणि दोघी एकमेकींशी कर्कश आवाजात बोलायला लागायच्या. तो आवाज पहिल्यांदा ऐकून सीवूड्सचे एक आजोबा पूजा अर्धी टाकून उठले होते, खिडकीच्या जाळीत मांजर अडकलं म्हणून. दोन डब्यांचं बोलणं चालू असेपर्यंत तुम्ही इंटरनेटवर. बोलणं मोडलं की तुम्ही बाहेर.

आणि ते मोडायला काहीही पुरायचं. बेलापूरचे एक वकील महिनाभर आमच्याशी भांडले. शेवटी कळलं, आतल्या खोलीत त्यांच्या आईकडे त्याच लाइनचा दुसरा फोन होता आणि फोन चालू आहे का, हे त्या दर तासाला उचलून बघायच्या. शिरवण्याच्या एका घरी तर मी फोनवर सगळे उपाय संपवले आणि थकून विचारलं, "बाहेर वायरीला काही झालंय का बघता?" बाई दारात जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "काय नाय झालं. बोंबील हायेत."

"कुठे?"

"वायरीवं. सुकाया घातलेत."

फोनची वायर अंगणावरून सैल गेली होती, उन्हात होती, उंचावर होती, मांजराच्या टप्प्याबाहेर होती. बाईंच्या दृष्टीनं त्यात चूक काहीच नव्हती.

आमच्याकडे टेबलं चार, फोन चार आणि साहेब एक, पाटकर सर. लिनक्सवाले ग्राहक मोजून अकरा. त्यांचा फोन आला की बाकीचे तिघं एकदम खाली वाकून चपला शोधायला लागायचे. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली. फक्त तिथे बटणं कमी आणि लिहिणं जास्त. पाटकर सर म्हणाले, "शिरोडकर, हे लिनक्स तू बघ. तुला याद्या आवडतात." त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं होतं. मला मात्र घर सापडल्यासारखं झालं. लिनक्स प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतं. कधी नंबर फिरवला, कधी जोडलं, किती मिनिटं टिकलं, का तुटलं, सगळं वेळेसकट. या नोंदीला लॉग म्हणतात. ग्राहक खोटं बोलतो, नवरा-बायको एकमेकांवर ढकलतात, लॉग कोणाचीच बाजू घेत नाही.

एक गोष्ट मात्र आधी समजून घ्या, पुढे लागेल. आमच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर कोण कधीपासून जोडलेलं आहे ते दिसायचं. कोणी गेलं की नाव नाहीसं व्हायचं आणि नोंदीत कारण पडायचं. मुख्य कारणं दोनच. एक, ग्राहकानं स्वतः रीतसर बंद केलं. दोन, बोलता बोलता आवाज गडप झाला. मी त्यांना माझ्या भाषेत 'येते म्हणून गेलेली' आणि 'न सांगता गेलेली' म्हणायचे. आपल्याकडे घरातून निघताना माणूस 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. माझ्या मते कनेक्शननंही तेवढी रीत पाळावी.

नाझनीन पारकरचं कनेक्शन रोज न सांगता जायचं.

"मॅडम, मी नेरूळहून बोलते. लिनक्स आहे."

शेजारी चपलांची शोधाशोध सुरू झाली. मी म्हटलं, "लॉग उघडता येतो का तुला?"

"उघडूनच बसलेय. मोडेम हँगअप. त्याच्या आधी मोडेम हँगअप. त्याच्याही आधी तेच. वेळा सांगू?"

'मोडेम हँगअप' म्हणजे मोडेमनं न सांगता ठेवलेला फोन. मी खुर्चीत सरळ झाले. विचारायच्या आधी लॉग काढून ठेवणारा ग्राहक मला तोवर भेटला नव्हता.

नाझनीन तेव्हा तेवीस वर्षांची, गणितात बी.एस्सी. झालेली. तिच्या अम्मींना झटका येऊन गेला होता. डावं अंग चालत नव्हतं, त्यांना एकटं सोडता येत नव्हतं. अब्बा जहाजावरची नोकरी संपवून उरणजवळच्या मोरा बंदराला जाळी, दोर आणि बुचांचं छोटं दुकान चालवायचे. घराबाहेरची नोकरी नाझनीनला शक्य नव्हती. मुंबईतली एक कंपनी परदेशी प्रकाशकांसाठी गणिताच्या पुस्तकांची पानं जुळवून द्यायची. सगळी चिन्हं, समीकरणं, आकृत्या अचूक बसवायच्या. त्या कामाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर छान चालायचं, म्हणून तिनं लिनक्स घेतलं होतं. कंपनीनं तिला तीन आठवड्यांची परीक्षा घातली होती. एक अख्खं पुस्तक. प्रकरणं ठरल्या वेळी पाठवायची, आणि शेवटच्या दिवशी दुपारी बाराच्या आत पूर्ण पुस्तक कंपनीच्या कॉम्प्युटरवर पोचलं पाहिजे. पोचलं तर घरी बसून कायमचं काम.

"आणि नाही पोचलं तर?" मी विचारलं.

"तर मॅडम, मला घरात बसून करण्यासारखं दुसरं काम मिळणार नाही. मी वर्षभर शोधलंय."

एक प्रकरण चढवायला अर्धा तास लागायचा. पंचविसाव्या मिनिटाला तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. आधीची दोन प्रकरणं उशिरा गेली होती. आणखी एक उशीर झाला तर कंपनी थांबणार नव्हती.

मी वही उघडली आणि आम्ही दोघी कामाला लागलो. घरात दुसरा फोन आहे का? नाही. बराच वेळ काही पाठवलं नाही तर आपोआप बंद होण्याची सोय चालू आहे का? बघितली, बंद होती. मोडेम तापतो का? नाही. वायरीवर बोंबील? ती हसली. "मॅडम, आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो." वायरीचा एक जुनाट सांधा सापडला, तो लाइनमनकडून नवा करून घेतला. बारीकसारीक तुटणं त्यानं थांबलं. उरलं ते तुटणं मात्र विलक्षण होतं. सोमवारी १०.४१, १.३२, ५.१४. मंगळवारी १०.४४, १.३०, ५.१७. बुधवारी १०.४०, १.३३, ५.१५.

मी ते आकडे एकाखाली एक लिहिले आणि पेन खाली ठेवलं. सडलेली वायर घड्याळ बघून सडत नाही. ओल, गंज, उंदीर यांना दुपारचे दीड वाजलेले कळत नाहीत. यात माणूस होता!

शनिवारी सकाळी मी नेरूळला तिच्या घरी गेले. घरी जाणं आमच्या कामात बसत नव्हतं. पाटकर सरांना मी "मोडेमची पाहणी" असं सांगितलं. बाहेरच्याच खोलीत अम्मींची खाट, खाटेला लागून फोनचं टेबल, त्याच्या बाजूला कॉम्प्युटर. अम्मींनी उजव्या हातानं मला खुर्ची दाखवली आणि नाझनीनला नानकटाई काढायला लावली. मी घड्याळ समोर ठेवून बसले. दहा पस्तीस. दहा चाळीस. नानकटाई हातातच होती.

दहा बेचाळीसला स्क्रीनवर ओळ आली. मोडेम हँगअप.

"तुटलं!" मी ओरडले. आनंदानं. अम्मी दचकल्या.

मी मोडेमवर वाकले, वायर बघितली, लॉग बघितला. मागे अम्मी हळूच म्हणाल्या, "नाझो, अब्बांची रिंग आली?"

"नाय अम्मी, लाइन बिझी होती ना. आता येईल."

"परवापन नाय आली."

"रिंग?" मी मान वर केली.

हे नव्या लोकांना सांगायला हवं. पोचलो, निघालो, जेवलो एवढंच कळवायचं असेल तर तेव्हा कोणी फोनवर बोलत नसे. नंबर फिरवायचा, समोर दोनदा वाजू द्यायचं आणि ठेवून द्यायचं. समोरच्यानं उचलायचं नाही. उचललं तर तो फोन झाला. नाही उचललं तर रिंग. कुठल्या वेळची रिंग म्हणजे काय, हे ज्याच्या त्याच्या घरात ठरलेलं. पारकरांच्या घरी सकाळची रिंग म्हणजे पोचलो, दुपारची म्हणजे जेवून गोळी घेतली, संध्याकाळची म्हणजे निघालो. अब्बा एसटीनं उरणला जायचे आणि तो रस्ता कंटेनरच्या ट्रेलरांचा. पहिली रिंग येईपर्यंत अम्मी पाण्याचा घोटही घेत नसत.

नाझनीननं मोऱ्याला दुकानासमोरच्या पीसीओवर, म्हणजे सार्वजनिक फोनच्या टपरीवर, फोन लावला आणि अब्बांना बोलावून घेतलं. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"दिली की मी! दोनदा वाजली, मंग ठेवला."

खाटेवरून अम्मी, "नाय आली!"

"आगो दिली!"

"नाय आली म्हंते ना!"

नाझनीन माझ्याकडे बघून म्हणाली, "रोजचं आहे मॅडम हे." आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. दोघंही खरं बोलत होते. घरच्या भांडणात असं फार क्वचित होतं. मी फोन घेतला.

"काका, मी इंटरनेट कंपनीतून बोलते. लाइन बिझी असताना तुम्हाला एंगेज नाही का लागत?"

"आदी लागायचा. पोरगी दिसभर लाइन धरून बसते, माझी रिंग लागंल कशी? म्हनून मीच जाऊन फॉर्म भरून आलो. कॉल वेटिंग घेतलं. आता लाइन बिझी असली तरी माझी रिंग वाजते!" आवाजात केवढा अभिमान.

मी कपाळावर हात मारला. कॉल वेटिंग असलं की चालू बोलण्यात मधेच 'टूं' असा आवाज येतो, दुसरा कोणी वाट बघतोय म्हणून. माणसाला तो कळतो. मोडेमला तो म्हणजे कानाशी कोणीतरी बोंब मारल्यासारखा; मोडेम बिचकतो आणि फोन ठेवून देतो. आपली रिंग घरी पोचावी म्हणून अब्बांनी जी सोय करून घेतली होती, तीच मुलीचं काम मोडत होती. आणि रिंग ऐकत होता एकटा मोडेम.

"काका!" मी चोर पकडल्यासारखं म्हणाले, "तुमच्या रिंगनंच कनेक्शन तुटतंय!"



"अस्सं?" मग हळूच, "मंग... नको देऊ?"

"द्या हो, द्या. मी बघते काय करायचं ते." मी फोन ठेवून दिला, कारण माझं डोकं तोवर उत्तराकडे धावत सुटलं होतं. तो "अस्सं?" मी ऐकला, पण नोंदवला नाही.

सोपं उत्तर होतं, कॉल वेटिंग काढून टाका. मी ते सांगितलं. अम्मी म्हणाल्या, "मंग मना कसा कलनार?" हे त्यांनी मला नाही, टेबलावरच्या फोनला विचारलं.

नाझनीन नखं कुरतडत लॉगकडे बघत होती. ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे हे मोडेम हँगअप आहे ना, ही अब्बांची रिंगच आहे. आपल्याला वाचता येत नव्हती, एवढंच."

त्या क्षणी मला त्या पोरीला उचलून फिरवावंसं वाटलं! लिनक्समध्ये एक छोटी फाइल असते. कनेक्शन तुटल्यावर काय करायचं, ते तिच्यात लिहून ठेवता येतं. बहुतेक लोक ती कोरीच ठेवतात. आम्ही दोघींनी तिच्यात चार ओळी लिहिल्या. दहा ते बाराच्या मधे कनेक्शन न सांगता गेलं, तर दोनदा 'टिंग' वाजव. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत ABBA POCHLE दाखव. आणि पुन्हा नंबर फिरव. दुपारी आणि संध्याकाळी तसेच दुसरे निरोप. आपण स्वतः बंद केलं तर काही करू नको. फाइल पाठवायलाही वेगळा प्रोग्राम बसवला. पोथीत खूण घालून ठेवावी तसा तो कुठवर पाठवलं ते लक्षात ठेवायचा आणि तुटलं तर तिथूनच पुढे सुरू करायचा. तुटलं तरी दोन-तीन मिनिटांपलीकडे नुकसान नाही.

सोमवारी अकराला नाझनीनचा फोन. "मॅडम, वाजलं! दोनदा टिंग, आणि अम्मी म्हणाल्या, आले गं बाई! आणि पुन्हा जोडलं गेलं, आपोआप!"

वहीत माझ्या आठ कामांची यादी होती. आठही कामांपुढे मी बरोबरच्या खुणा केल्या. दहा दिवस सगळं घड्याळासारखं चाललं. उरलेली प्रकरणं वेळेत गेली. अब्बा रिंग द्यायचे, कनेक्शन तुटायचं, टिंग वाजायची, अम्मी पाणी प्यायच्या. मी आयुष्यात दुरुस्त केलेल्या बिघाडांपैकी हा एकच बिघाड असा, की जो मी तसाच ठेवला आणि तरी दुरुस्त झाला.

मग तो गुरुवार आला. पूर्ण पुस्तक बाराच्या आत. एका आकृतीनं शेवटपर्यंत छळल्यामुळे नाझनीनला सुरुवात करायला दहा पंचवीस झाले. पुस्तक मोठं, चढायला ऐंशी मिनिटं. मी ऑफिसात स्क्रीनवर तिचं नाव बघत होते. अकरा वाजले. नाव छान टिकून होतं. अकरा पाचला एकदम गेलं आणि नोंदीत कारण पडलं, ग्राहकानं स्वतः बंद केलं. अर्ध्यातच? पाच-सहा मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला.

"मॅडम, आज कनेक्शन तुटलं नाही."

मी हसले. "अगं मग चांगलंच आहे की!"

"मॅडम," तिचा आवाज बारीक झाला होता, "दहा चाळीसला तुटलं नाही. अकरालापण तुटलं नाही. मी स्वतः बंद करून फोन करतेय. पीसीओ एंगेज येतोय. तुमची ती फाइल बिघडली का? बिघडली असेल, ना?"

तिला 'हो' ऐकायचं होतं. मी स्क्रीनकडे बघितलं. दहा पंचवीस ते अकरा पाच, सलग, मधे एकही खंड नाही. फाइल बिघडली असती तर टिंग वाजली नसती. कनेक्शन तरीही तुटलंच असतं.

"फाइल ठीक आहे," मी म्हटलं. "रिंगच आली नाही."

पलीकडून अम्मींचं "काय म्हंतात?" ऐकू आलं. नाझनीन म्हणाली, "मॅडम, पुस्तक राहू दे. मी पीसीओ लावत बसते."

"ऐक. तुझ्याकडे एक लाइन आहे, माझ्याकडे चार. वाटणी करू. तू पुस्तक चढव, मी अब्बांना शोधते. मोऱ्याच्या पीसीओचा नंबर माझ्या वहीत आहे."

"आणि सापडले तर मला कसं कळवाल? माझी लाइन तर..." ती थांबली. मग आम्ही दोघी एकाच वेळी म्हणालो, "रिंग!"

"चढव लवकर. अजून चाळीस मिनिटांचं राहिलंय, अकरा चौदाला जोडलं तरी बाराला सहा कमी होतात."

मी दोन फोन दोन्ही हातांत घेऊन एकच नंबर फिरवायला लागले. पाटकर सर केबिनच्या दारात आले. "शिरोडकर, काय चाललंय?"

"सर, नेरूळच्या ग्राहकाचे वडील सापडत नाहीयेत."

"ते आपल्या सर्व्हिसमध्ये येतं?"

"आज येतं, सर."

ते गेले नाहीत, तिथेच उभे राहिले. एंगेज. एंगेज. डोळ्यांसमोर उरणचा रस्ता आणि ट्रेलरांची रांग. अकरा सव्वीसला लागला.

"पारकर चाचा?" पीसीओवाला म्हणाला. "हे काय, समोर दोर मापतायत. काय झालं? चाचा, ओ चाचा, बेलापूरचा फोन हाय!"

मी खुर्चीत बसले. उभी होते, हे तेव्हा कळलं.

"बोला मॅडम," अब्बांचा आवाज. "पोचलं का पोरीचं पुस्तक?"

"काका! आज रिंग का नाही दिलीत?"

"आज कशी देऊ? शेवटचा दिस ना तिचा. सकाली म्हनत होती, अल्ला, आज येकदापन तुटू नको. आनि तुमीच सांगितलंत ना, माझ्या रिंगनं तुटतंय. म्हटलं, आज नाय द्यायची. पीसीओकडं गेलोच नाय. नाझोच्या अम्मीला सांगाया पायजे होतं खरं, पन सांगितलं असतं तर ही बोलली असती, नाय, द्याच."

"अहो, पण आता तुटलं तरी चालतं! आपोआप पुन्हा जोडलं जातं. उलट तुमची रिंग आली की टिंग वाजते आणि स्क्रीनवर तुमचं नाव येतं."

"माझं नाव?"

"अब्बा पोचले. असं."

बंदराचा गलका. कोणीतरी बर्फाची लादी आपटली.

"मना कोनी सांगितलाच नाय," अब्बा म्हणाले. दहा दिवस हा माणूस रोज तीनदा मुलीचं काम मोडतोय अशा समजुतीनं, खाटेवरच्या बायकोसाठी, चोरासारखा रिंग देत आला होता. "मंग देऊ आता?"

मी घड्याळ बघितलं. अकरा एकोणतीस. रिंग दिली तर दोन मिनिटं जाणार. आणि तिचा मोडेम पुन्हा नंबर फिरवेल तेव्हा आमच्याकडे जागा हवी. ग्राहकांसाठी आमच्या लाइनी बावीस, मोकळ्या दोन, आणि सकाळची ती सगळ्यात गर्दीची वेळ. त्या दोन्ही आणि तिची सुटलेली तिसरी भरली तर तिला एंगेज लागणार आणि बारा वाजून जाणार. रिंग नाही दिली तर पुस्तक नक्की पोचेल. फक्त नेरूळच्या त्या खोलीत दोघी जणी आणखी अर्धा तास घड्याळाकडे बघत बसतील.

पाटकर सर सगळं ऐकत होते. ते केबिनमध्ये गेले आणि तपासणीसाठी चालू ठेवलेलं स्वतःचं कनेक्शन त्यांनी बंद केलं. "तीन मोकळ्या," ते आतून म्हणाले.

"द्या, काका," मी म्हटलं. "दोनदा वाजू द्या."

अकरा एकतीसला पारकर हे नाव स्क्रीनवरून गेलं. न सांगता.

"गेलं!" मी ओरडले. चपला शोधणारे तिघंही आता माझ्या खुर्चीमागे उभे होते. तिची सुटलेली धरून मोकळ्या चार. दोन वाशीवाले आले, दोन. आणखी कोणी आला, एक. अकरा बत्तीस. अकरा तेहतीस, आणि शेवटच्या मोकळ्या जागेवर नाव उमटलं: पारकर.

"ग्राहकाचं कनेक्शन तुटलं म्हणून टाळ्या वाजवणारं हे पहिलंच सपोर्ट डिपार्टमेंट," पाटकर सर म्हणाले. टाळ्या तेही वाजवत होते.

आता तेवीस मिनिटं नुसती वाट बघायची होती. मी वही उघडली. ती आठ कामांची यादी, आठ खुणा. मोडेम, सांधा, फाइल, प्रोग्राम, वेळा, सगळं होतं. ज्या माणसाच्या बोटानं हे सगळं चालायचं त्याला मी फोनवर 'तुमच्यामुळे तुटतंय' एवढंच सांगितलं होतं, आणि उपाय सापडल्यावर त्याला पुन्हा फोन केला नव्हता. नाझनीनला वाटलं मी सांगितलं असेल, मला वाटलं तिनं. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी खाली नववं काम लिहिलं: अब्बांना सांगणे. पुढे खूण केली, पण ती करताना बरं वाटलं नाही. आज उलव्यात माझ्या हाताखालच्यांना मी जी यादी देते तिची शेवटची ओळ आहे, 'घरातल्या सगळ्यांना सांगितलं का?' ते हसतात. म्हणतात, मॅडम, राउटर बदलायला घरातल्या सगळ्यांना कशाला सांगायचं? मी म्हणते, खूण करून आणा.

अकरा पन्नास. अकरा चोपन्न. नाव होतं.

अकरा छप्पनला ते गेलं. मी कारणाकडे बघितलं. ग्राहकानं स्वतः बंद केलं. रीतसर, 'येते' म्हणून. पण अकरा पाचलाही तिनं स्वतःच बंद केलं होतं. पूर्ण होऊन बंद केलं की पुन्हा काही झालं? मला कळेना. पाटकर सर माझ्याकडे बघत होते आणि मी फोनकडे.

फोन वाजला. सवयीनं माझा हात पुढे गेला. दुसऱ्यांदा वाजला. आणि थांबला.

"अरे, कट झाला," शेजारचा म्हणाला. "उचलला का नाहीस?"

मी हात मागे घेतला. "रिंग होती ती," मी म्हटलं. "रिंग उचलायची नसते."